स्पिरिटमध्ये लाख

मंगळवार, संध्याकाळ. करोल बाग, दिल्ली.

आज शेठच्या मेव्हण्याशी वाजलं. आमच्या कारखान्याला स्पिरिटचं लायसन आहे ते फर्निचरच्या पॉलिशसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. हा हसत हसत आला. "भाऊ, एक कॅन दे दे यार, घर में शादी है."

मी म्हटलं, "पीने का नहीं है ये. जहर मिला रहता है."

"अरे, बँडवाले पिएंगे, हम थोड़ी! मराठा होके डरता है?" आणि परत तेच हसणं.

बँडवाले. म्हणजे माझ्यासारखेच कुणीतरी, घर सोडून आलेले. डोकंच फिरलं. पॉलिश करायला आम्ही लागेल तेवढ्याच स्पिरिटमध्ये लाखेचा चुरा भिजवतो, पण मी त्याच्यासमोर अख्ख्या कॅनमध्ये लाख ओतली. लाख पडली की त्याचं चिकट पॉलिश होतं, कुणी तोंडाला लावणार नाही. घे आता, पाज!

हसणं बंद झालं. "तेरी नौकरी गई," म्हणाला आणि गेला.

शेठ अजून गप्प आहे. त्याच्या बायकोचा भाऊ तो, मला काढेलच बहुतेक. झोपायची खोलीपण त्याचीच. आईला काय सांगू? काही का असेना, माफी मागणार नाही. दोन कॅनमध्ये अजून नुसतंच स्पिरिट आहे. सकाळी शेठ यायच्या आत त्यांतही लाख टाकतो.