बारा नंबरची मालकीण

३ नोव्हेंबर

चि. बापूस ताईचे अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांत सात घरं बदललेली, आणि दर वेळी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालकाने दार ठोठावून बाहेर काढलेली माणसं या जगात पुष्कळ असतील. त्यांतली आपल्या आईबाबांच्या पोटची मात्र दोनच. एक मी, एक तू. म्हणून हे तुला लिहिते. बाबा पेट्या उचलायचे, आई भांडी चादरीत बांधायची, आणि तू गोट्यांची पिशवी छातीशी धरून सगळ्यांच्या आधी हातगाडीवर चढून बसायचास. मोठा झालो की इतकी घरं घेईन की मला कुणी काढूच शकणार नाही, असं म्हणायचास. शब्द खरा केलास. सहा झाली. आता तुला एकातून काढलंच, तर पाच उरतील.

माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, संघटनेतल्या लोकांपेक्षा कमी. भाडेकरू संघटनेच्या कचेरीत (शिंप्याच्या दुकानावरची ती खोली, तीही भाड्याचीच) गेल्या सोमवारी एक नर्सबाई आली. नऊ वर्षं ती तिसऱ्या मजल्यावर बारा नंबरमध्ये राहते. सोबत वडील. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता त्यांची नजर गेली, आता काहीच दिसत नाही. पण त्या घरात त्यांना कुणी आंधळं म्हणणार नाही. दारापासून खुर्ची सहा पावलं, खुर्चीपासून ओटा नऊ. लेक कामावर गेली की स्वतःचा चहा स्वतः करून पितात. जुन्या मालकाने आठ महिन्यांपूर्वी ती जागा विकली. नव्या मालकाचं तोंड अजून कुणी पाहिलेलं नाही. भाडं एजंट घेऊन जातो. नवा करार काही केला नाही, आणि आता त्याच एजंटाची चिठ्ठी आली आहे की तीस तारखेला जागा रिकामी करा. कशासाठी, तर मालकांना हॉलमध्ये प्लायवूडची भिंत घालून चार खाटा टाकायच्या आहेत. चार खाटा, चार भाडी.

मी मालकाला दोन पानी पत्र लिहिलं, एजंटाच्या पत्त्यावर, रजिस्टरने. त्यात एक वाक्य असं आहे: ‘आपण कोण आहात हे मला ठाऊक नाही, पण आपल्याला आई असेल तर तिच्यासमोर बसून हे पत्र मोठ्याने वाचा.’ आमच्या खजिनदारांच्या अंगावर काटा आला. चोवीस तारखेला सभा आहे. तोवर उत्तर आलं नाही तर मालकाचं नाव शोधून काढून भर सभेत सोलणार आहे.

तुझ्या भाडेकरूंची खुशाली कळव. त्यानंतर वेळ उरला तर वहिनीची.

तुझ्या सहाही घरांत जागा नसली तरी मनात थोडी ठेव.

तुझी ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस बापूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. बसून वाचलं की अध्यक्षांनी मला बोलू दिलं नाही असं वाटतं.

तुझ्या मते मालक म्हणजे राक्षस. अगं, गच्ची गळली की कुणाची झोप उडते? भाडेकरू फक्त बादली सरकवतो. आमच्या घरमालकांच्या शिबिरातले सर म्हणाले, घरात जीव अडकला की ते नुसतं घर राहतं, त्याची गुंतवणूक होत नाही. दोन दिवसांचं शिबिर होतं. तूही यायला हवी होतीस, माईक चांगला होता. भाड्याला ते ‘निष्क्रिय उत्पन्न’ म्हणतात. आपण झोपलेलो असलो तरी येतं.

बारा नंबरचं मात्र सोडून दे. एकेका खोलीपायी किती रक्त आटवशील? मालकीण कुणी भली बाई असेल, तिच्याही काही अडचणी असतील. सभेत नाव-बिव घेऊ नकोस, उगाच अब्रूनुकसानीचं लचांड मागे लागायचं.

सातवं घर पाहून ठेवलंय. कागदांवर तुझी एक किरकोळ सही लागेल, पुढच्या रविवारी जेवायलाच येतो. गुडघ्याला तेल लावतेस का, असं ही विचारते आहे.

रागावलीस तरी रविवारपुरती माया असू दे.

तुझा बापू


१४ नोव्हेंबर

चि. बापूस,

आशीर्वाद मागच्या पत्रातले उरले असतील ते वापर.

मी ‘मालक’ लिहिलं होतं, तू उत्तरात ‘मालकीण’ म्हणालास. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी ते शिबिराचा परिणाम समजून सोडून दिलं. काल अकराच्या सुमारास पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. पाकीट माझ्याच अक्षरातलं. एजंटाच्या कारकुनाने स्वतःच्या पत्त्यावर लाल रेघ ओढून बाजूला मालकाचं नाव आणि पत्ता लिहिला होता. नाव माझं, पत्ता माझा. पोस्टमन म्हणाला, बाई, स्वतःलाच पत्र लिहायचं तर मला कशाला तीन जिने चढायला लावता. मी पोचपावतीवर सही केली आणि आत येऊन माझं पत्र वाचलं. फार परिणामकारक उतरलंय. आईच्या वाक्यापाशी मला खरंच रडू आलं, कारण ती तुझीही आई.

मग सगळं आठवलं. बाईच्या नावावर घर घेतलं की नोंदणीचं शुल्क कमी पडतं, हे मीच एकदा तुला पेपरातून वाचून दाखवलं होतं. मार्च महिन्यात तू म्हणालास, ताई, माझ्या मृत्युपत्राला साक्षीदार हवाय, जरा नोंदणी कचेरीत चल. तिथे अंगठा दिला, फोटो काढला, आठ ठिकाणी सह्या केल्या. आणि सह्या करताना मी काय करत होते? रांगेतल्या एका म्हाताऱ्याला समजावत होते की काका, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. त्याने माझं ऐकलं. सगळे कागद वाचत बसला आणि त्याचा नंबर गेला. मी ऐकलं नाही, म्हणून आज घरमालकीण आहे.

चूक माझीही आहे आणि ती मी पदरात घेते. पण तुझ्या सरांना माझा एक प्रश्न विचार. ती बाई आठ-आठ तास उभी राहून परक्यांच्या जखमा धुते, पगारातला तिसरा हिस्सा पहिल्या तारखेला तुझ्या एजंटाच्या हातावर ठेवते, आणि या व्यवहारात निष्क्रिय कोण? उत्पन्न निष्क्रिय नसतं, बापू. काम करणारं माणूस आपल्याला दिसू नये म्हणून मध्ये एजंट ठेवलेला असतो, इतकंच. तू नुसतं घर घेतलं नाहीस. सहा पावलं आणि नऊ पावलं मोजून राहणारा एक माणूस विकत घेतलास, आणि आता त्याच्या वाटेत प्लायवूड ठोकतो आहेस. आपल्याला सातव्या घरातून काढणाऱ्या त्या बाईनेसुद्धा बाबांच्या तोंडावर येऊन सांगितलं होतं.

चिठ्ठी मागे घे. नाहीतर मी मालकीण म्हणून नर्सबाईला पाच वर्षांचा करार करून देते. रविवारी जेवायला ये. सही मिळणार नाही, जेवण मिळेल.

ताई


१८ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

रविवारी सही नव्हती, म्हणून जेवायलाही आलो नाही. आता वाचायला लागलीच आहेस, तर कागद पुरता वाच. बारा नंबरवर दोन नावं आहेत, तुझं आणि हिचं. करार करायचा तर दोघींच्या सह्या लागतात. ही माझ्या शब्दाबाहेर नाही.

सभेत बोलायचं तर खुशाल बोल. मीही मागच्या बाकावर येऊन बसतो. भाडेकरू संघटनेच्या चिटणीस स्वतः घरमालकीण आहेत, हे तू विसरलीस तर मी आठवण करून देईन.

सातव्या घरातून निघालो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझी गोट्यांची पिशवी तिथेच राहिली, आणि त्या बाईने परत जाऊ दिलं नाही. तू भाषणं शिकलीस, मी घरं घेतली. दोघांनी एकाच दुखण्यावर औषध घेतलं, मला गुण आला. हप्ते मी भरतो, गळती मी काढतो. तेव्हा भिंत कुठे घालायची तेही मीच ठरवणार. एक तारखेला सुतार येतोय.

पत्राखाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझ्या मते तो माझ्याकडे जास्तच झालाय, तेव्हा थोडा तू ठेवून घे.

बापू


२१ नोव्हेंबर

ती. ताईंना माझा नमस्कार, वि. वि.

यांनी मला बसवून सांगितलं की ताईंना समजावणीचं पत्र लिही. मुद्दे त्यांनीच दिलेत, ते आधी लिहून मोकळी होते. भावाशी वाकडं बरं नव्हे. व्यवहारातलं बायकांना फारसं कळत नाही. गुडघा सांभाळा. झाले मुद्दे. आता माझं.

मी अठरा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर आहे. शहरातल्या एकूण एक डॉक्टरचं अक्षर मला लागतं. नवऱ्याने पुढे केलेल्या कागदांवर मात्र न वाचताच सह्या करत आले. बुधवारी हे नव्या जागेसाठी बाहेरगावी गेले, तेव्हा कपाट उघडून वाचले. बारा नंबर आपल्या दोघींचा आहे. बाकीच्यांपैकी चार माझ्या एकटीच्या नावावर. म्हणजे पाच घरांत माझी मालकी, आणि स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून द्या म्हणून मी दोन महिने यांच्या मागे लागले आहे. भाडेकरू असते तर संघटनेत तरी आले असते.

काल दुकानातून परस्पर बारा नंबरला गेले. आजोबांनी स्वतः दार उघडलं. कोण आहे विचारलं, तेव्हा मला मालकीण म्हणवेना. औषधाच्या दुकानातली आहे म्हटलं, ते काही खोटं नव्हतं. ते म्हणाले, उजवीकडच्या खुर्चीत बसा, डावीचा पाय हलतो. लेक झोपली आहे, हळू बोलू. मग आपणहून म्हणाले की नवे मालक कसे आहेत कुणी सांगत नाही, बरेच असतील. तुमची कधी गाठ पडली तर एक निरोप द्या. भिंत घालायची तर घाला, आम्ही अर्ध्या भागात राहू. फक्त कुठे घालणार ते आठवडाभर आधी सांगा, मला पावलं नव्याने मोजावी लागतील.

ताई, मी पाणी न पिता उठले.

यांना फोनवर एवढंच म्हटलं की करार करून दिला तर काय बिघडेल. हे म्हणाले, सही केलीस तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. राहतं घर कुणाच्या नावावर आहे ते मी वाचलंय, पण बोलले नाही. वीस वर्षांत यांच्याशी कधी भांडले नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते ठाऊक नाही. तीन कागद फाडले, हा चौथा, तरी अक्षर वाकडंच आलंय. मी काय करू? भाषण नको, ताई. नुसतं सांगा.

आपला जीव माझ्यावर आहे हे जाणून,

तुमची वहिनी


२५ नोव्हेंबर

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला मनापासून.

भाषण करत नाही, कारण काल केलं आणि ते पडलं. सभेत मी माझंच पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि शेवटी मालकाचं नाव म्हणून माझं नाव वाचलं. बापू आला नव्हता, त्याचं काम मीच केलं. आधी सभासदांतला एक न्हावी हसला, आणि मग सगळे. खजिनदारांनी राजीनामा मागितला, तो मी लिहूनच नेला होता. मग नर्सबाई उभी राहिली. म्हणाली, बाई, इतकं चांगलं भाषण मी अजून ऐकलं नव्हतं, पण तीस तारखेनंतर आम्ही राहायचं कुठे तेवढं सांगा. तीस वर्षं व्यासपीठावर उभी आहे मी, वहिनी, पण इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्याकडे अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं तुझ्याकडे आहे.

बापूला वाईट म्हणू नकोस, ते मी म्हणते. कुणीतरी येऊन दार ठोठावेल अशी त्याला अजून धास्ती आहे, म्हणून तो ठोठावणाऱ्यांत जाऊन बसलाय. त्याने हप्ते थांबवले तर बँक आपल्याला विचारेल. नर्सबाईचं भाडं आणि माझं निवृत्तिवेतन मिळून हप्ता निघतो. मी बँकेत जाऊन विचारून आले. त्याने दाराला आतून कडी लावली तर माझ्याकडे ये. खोली एकच आहे आणि भाड्याची आहे, पण माझा मालक मला चेहऱ्याने ओळखतो. आठ दिवसांत तो तुला न्यायला येईल. त्याला स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही.

तू विचारलंस सुरुवात कशी करतात. भांडून नाही. पाच वर्षांचा करार टाइप होऊन आला आहे, माझी सही झाली आहे. शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी साडेदहाला नोंदणी कचेरीच्या पायरीवर मी आणि नर्सबाई उभ्या असू. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, सही सहीच असते. ओळखपत्र घेऊन ये, आणि माझ्या सहीखाली तुझी सही कर.

तुझी ताई