पुढच्या डाव्या चाकाचा नट

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. आमच्या जुळे सोलापूरच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्पोर्ट्स कार तयार होते आहे. निर्माते दोन : मी (डिझाइन, नियोजन) आणि शाळेपासूनचा मित्र गुरुलिंग (बाकीचं; मला अजून ‘जाल्या’च म्हणतो). त्याचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. इंजिन भंगारातल्या व्हॅनचं. लाल रंग हा निर्णय माझा.
ब्रेकचं काम मी मागून घेतलं. गुरुलिंग जरा वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला. विश्वास.

९ फेब्रुवारी, रविवार
पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक-पाइपचा नट बसवला. पाना घेणार, तेवढ्यात धम्मप्रियाने जेवायला हाक मारली. कडक भाकरी, शेंगाचटणी. बायकोला ताटकळत ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. जेवून उजवं चाक घेतलं.

१० फेब्रुवारी, ऑफिस, ११.४०
किरकोळ शंका. डावा नट आवळला का?
११.५५ : आवळलाच असणार. मी पद्धतशीर माणूस आहे.
१२.१० : पण कधी?
संध्याकाळी घरी आलो तर गुरुलिंगने त्यावर पत्रा मारून रिव्हेट ठोकलेले. आता दिसत नाही. उद्या सांगायचं. ठरलं.

१२ फेब्रुवारी
सांगितलं नाही. तो वेल्डिंग करत होता. वेल्डिंग करणाऱ्याचं लक्ष विचलित करणं धोक्याचं.

१५ फेब्रुवारी
सहज, थिअरी म्हणून विचारलं, की एखाद्या चाकाचा ब्रेक-पाइप सुटला तर काय होतं. गुरुलिंग म्हणाला, ‘‘पयलं तेल जातंय, मग ब्रेक जातोय, मग आपण.’’ आणि लई हसला. मीही हसलो. जेवण गेलं नाही. धम्मप्रिया म्हणाली, पोट बिघडलंय का? हो म्हणालो.

१६ फेब्रुवारी
ब्रेक पेडल चाळीस वेळा दाबलं. गाडीखाली ओलं! आडवा होऊन वास घेतला. कुंडीचं पाणी. अर्धा तास उठवलं नाही.

२० फेब्रुवारी
रविवारी टेस्ट. गावाबाहेरच्या रिकाम्या प्लॉटांच्या रस्त्यावर. चालवणार गुरुलिंग. ऐकून आधी हायसं वाटलं. याची लाज नोंदवत नाही.
मग ईरम्मावहिनी, त्याची बायको, डबा घेऊन आली. म्हणाली, ‘‘भाऊजी, ब्रेक तुमी केलाय म्हनं. आता मला काळजी न्हाय.’’
उद्या सकाळी पहिलं काम : सांगणे.

२१ फेब्रुवारी
सांगणे. (उद्या नक्की.)

२३ फेब्रुवारी, रविवार
टेस्टची नोंद, क्रमाने.
ठरवलं, नारळ फुटला की सांगू. फुटला. ठरवलं, फोटो झाला की. झाला. गुरुलिंगने हेल्मेट घातलं, गिअर टाकला, गाडी हलली. ईरम्मावहिनी टाळ्या वाजवत होती. मग काय झालं ते पायांना माहीत. मी गाडीपुढे उभा, दोन्ही हात बॉनेटवर, डोळे मिटलेले, आणि ओरडतोय, ‘‘नट! डावा नट आवळला नाही रे मी!’’
गाडी थांबली. गुडघ्यापासून वीतभर.
गुरुलिंग खाली उतरला. कधीपासून माहीत होतं तुला, त्याने विचारलं. दोन आठवडे, म्हणालो. त्याने हेल्मेट काढलं. वहिनीच्या टाळ्या थांबल्या.
मग म्हणाला, ‘‘जाल्या, तू जेवायला आत गेलास की तुझं समदं मी परत आवळतो. पयल्या दिवसापासनं. पर दोन आठवडं बोलला न्हाईस, हे बरं न्हाय केलंस.’’
मी बॉनेटवरचे हात काढले.
वहिनी म्हणाली, शेवटी बोलले की वो. मग त्याने गाडी फिरवली. मी वहिनीशेजारी उभा राहून बघितली. छान पळते.

२ मार्च, रविवार
ब्रेक गुरुलिंगकडे गेले. माझ्याकडे हॉर्न. जबाबदारी कमी नाही. हॉर्न ही सुरक्षेचीच बाब आहे. दोन्ही वायरी जोडल्या, वाजवून पाहिला, वाजला. चहाला आत आलो.
खिडकीतून दिसलं, गुरुलिंग हॉर्नची वायर ओढून बघत होता.
मी हाक मारली नाही. चहा सावकाश प्यालो.