काळ्या दगडापाशी आला

८ एप्रिल २०२४, सोमवार

आज एका खात्याला कुलूप लावलं. राखणदार झाल्यापासूनचं माझं पहिलंच. पण नियम म्हणजे नियम.

'ओसरी' या फोनवरच्या गप्पांच्या अ‍ॅपवर आम्ही तिघं राखणदार: मृण्मयी (माझ्या धाकट्या भावाची, श्रीरंगची मुलगी), ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या मीनाक्षीबाई आणि मी. ओसरी कुणा कंपनीची नाही, हे मृण्मयी मला दर आठवड्याला नव्यानं सांगते. तिच्यासारख्या पंधरा-वीस जणांनी नोकऱ्या सांभाळून ती बांधली. आतलं सगळं बांधकाम कुणालाही बघता येतं, नेता येतं, बदलता येतं. बटणांवरचं मराठी माझं. आणि कवितेची खोली माझ्याकडे. शाळेत पाठ केलेल्या, अर्ध्या विसरलेल्या ओळी लोक तिथं लिहितात, उरलेल्या दुसरं कुणीतरी भरतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आणखी काय हवं?

तर या चतुराबाई. पिशोरच्या पुढच्या कुठल्याशा वस्तीवरच्या. रोज सकाळी तेच — "आला गं आला, काळ्या दगडापाशी आला. घागरी घ्या." दुसऱ्या दिवशी "शाळेपाशी आला." गौळण असावी. कृष्णाची वाट अडवण्याची जुनी हौस. मी तीनदा प्रेमानं लिहिलं: नुसतं स्थळ बदलून भागत नाही, वृत्ताकडेही बघा. उत्तर नाही. वर दोघा सदस्यांची तक्रार. तीन सूचनांनंतर सात दिवस खातं बंद. सगळ्या सदस्यांना दिसणाऱ्या निर्णयवहीत कारण लिहिलं — "पुनरुक्ती". खाली माझा फोन नंबर. तोही नियमच.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. का कोण जाणे, रामकिसन गुरुजी आठवले. बाकावर पट्टी आपटून मात्रा मोजायचे, पण ढगांची कविता आली की आम्हाला खिडकीबाहेर बघू द्यायचे. आज इथं गारखेड्यात माझ्या खिडकीबाहेर नवी बारा मजली इमारत. ढग असलाच तर तिच्या मागे.

११ एप्रिल, गुरुवार

दुपारी फोन. "काका, तुम्हीच राखणदार का? मी मंजुषा, चतुराबाईंची सून. आमच्या सासूबाईंचं काय चुकलं तेवढं सांगा."

म्हटलं, चुकलं असं नाही, पण काव्यदृष्ट्या —

"कसलं काव्य? टँकरची खबर हाय ती."

वस्तीवर टँकर येतो, पण वेळेचा पत्ता नाही, जागेचाही नाही. चतुराबाईंचं घर वळणावर. टँकर आधी त्यांना दिसतो. त्या फोनमध्ये बोलतात, फोन ते लिहून घेतो, आणि चाळीस घरांतल्या बाया ते वाचून नाहीतर ऐकून पळतात. गावचा मोबाइलवरचा गट आहे, पण त्यात गटप्रमुखाखेरीज कुणाला लिहिता येत नाही. मंजुषा तालुक्याला, कन्नडला, ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवते. तिनं सगळ्यांच्या फोनवर ओसरी घालून दिली. जी खोली पहिली उघडली, तिथंच सासूबाई बोलत राहिल्या. ती माझी खोली.

तीन दिवसांत दोनदा टँकर येऊन रिकामा होऊन गेला, वस्तीच्या अर्ध्या भागाला कळलंच नाही. केसरबाई म्हणून एक पोटुशी बाई लांबच्या विहिरीवर गेली आणि पायरीवरून घसरली. बाळ ठीक आहे म्हणे. म्हणे!

गौळण समजलो, हे मंजुषाला सांगितलं नाही. इथं लिहितो.

१२ एप्रिल

कुलूप कालच काढलं. आज निर्णयवहीत चूक कबूल केली. मीनाक्षीबाईंचा फोन — "वैजनाथराव, गौळणीचंही लिहा. अर्धी कबुली वाचायला कंटाळा येतो." लिहिलं. अकराशे लोकांसमोर.

१५ एप्रिल, सोमवार

खातं उघडं, पण बाई बोलत नाहीत. वस्ती अजून खबरेविना. शेवटी मीच फोन लावला.

"तुमीच व्हय ते कवितावाले?"

माफी मागायला फोन केला, म्हटलं.

"माफी ऱ्हाऊ द्या. उद्या पुन्ना कुनी कुलूप लावलं तर?"

मी लावू देणार नाही.

"तुमी झोपलेले असले मंग?"

मग मृण्मयी बघेल, म्हटलं.

"घागरी आमच्या आन् कडी तुमच्या हातात. असं नाय जमायचं, भाऊ. कडी आमच्याबी हातात द्या, मंग बोलते."

१८ एप्रिल

बैठक झाली, फोनवरच. चतुराबाईंना राखणदार करा, असं मी सुचवलं. आक्षेप: सदस्य होऊन वर्ष व्हावं लागतं. आणि त्यांना वाचता येत नाही, तक्रारी सगळ्या लेखी. मृण्मयी म्हणाली, तक्रार वाचून दाखवायची सोय करता येईल, महिना लागेल. "महिना?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "पाणी रोज लागतं."

जरा वेळानं मृण्मयीच म्हणाली, "मग कडी कशाला? घरच देऊ या." ओसरीचं सगळं बांधकाम उघडं आहे. वस्तीनं ते न्यावं, स्वतःची ओसरी उभी करावी. राखणदार त्यांचे, नियम त्यांचे. दोन्ही घरांच्या मधे एकमेकांचं लिहिलेलं दिसेल अशी खिडकी, पण दोघांनी उघडली तरच उघडणारी.

सगळ्यांना पटलं. मला नाही. खरं सांगायचं तर त्यांनी माझ्याच खोलीत परत यावं असं वाटत होतं. मी नीट सांभाळलं असतं. हे कुणाला बोललो नाही.

२९ एप्रिल

मंजुषाच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर त्यांची ओसरी बसली. बोलून लिहायचं आणि ऐकून घ्यायचं, दोन्ही सुधारलं — त्यासाठी ओसरी बांधणाऱ्यांपैकी करमाडचा एक गडी रात्रपाळी करून आल्यावर बसत होता. माझी बटणं मात्र चतुराबाईंनी नापास केली. 'अधिसूचना' काय भानगड? 'खबर' म्हना. तासभर रुसलो. मग आमच्याही ओसरीवर 'खबर' केलं. बरं दिसतं.

४ मे, शनिवार

त्यांच्याकडे पाच दिवसांत एकही टँकर चुकला नाही. हे मंजुषाकडून कळलं. त्यांच्या बाजूची खिडकी बंदच आहे.

९ मे

मी तिथं सदस्यत्वाचा अर्ज केला. 'का यायचं आहे?' असा रकाना होता. पानभर लिहिलं. अर्ज मंजूर करणार चतुराबाई. आज दहादा बघून आलो.

१२ मे, रविवार

त्यांचाच फोन.

"अर्ज सुनेनं वाचून दावला. लई लांब हाय. मधी कविताबी हाय."

हो, म्हटलं.

"एकच सांगा. तुमच्याकडं नळ कधी येतो?"

आठ-नऊ दिवसांनी. कधी दहाव्या. वेळ ठरलेली नाही. बऱ्याचदा पहाटे येतो, झोपेत निघून जातो.

"शहरात? आन् आला हे गल्लीत कोन सांगतं?"

कुणीच नाही.

"मंग या. काम हाय तुमाला."

१३ मे

मतदान करून आलो आणि मृण्मयीला घेऊन गल्लीत घरोघर फिरलो. एकोणीस फोनांवर त्यांची ओसरी घातली. मळ्यावरून शहरात राहायला आलेल्या, समोरच्या घरातल्या आवडाबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे तुमचं कवितांचं का?" नाही म्हटलं. पाण्याचं.

१५ मे, बुधवार

पहाटे पाच वीस. अंगणातल्या पाइपात हवा वाजली. फोन तोंडाशी धरून बोललो — "गारखेडा, आपली गल्ली. नळ आला. उठा."

समोरच्या तीन घरांत दिवे लागले.