दगडावरची चौथी ओळ

३ जानेवारी १९९८, शनिवार

‘सेगमेंटेशन फॉल्ट!’ सकाळपासून कॉम्प्युटरच्या पडद्यावर हेच येतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. शब्द मात्र काय भारदस्त! एखाद्या खंडकाव्याच्या सर्गाला शोभावा. अक्षताला तसं म्हणालो तर म्हणते, “आप्पा, तुम्ही जरा पलीकडं बसा.”

अक्षता म्हणजे माझ्या लेकीची लेक. सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला आमच्याकडं माधवनगरात. प्रोजेक्टसाठी तिनं घेतलाय मिलिंदचा प्रोग्रॅम. मिलिंद, माझा मुलगा, आता बेंगळूरला. नऊ वर्षांपूर्वी, शिकत असताना, त्यानं माझ्यासाठी तो बनवला होता. कवितेची ओळ घाला, यंत्र लघु-गुरू मोजतं आणि वृत्त सांगतं. मोडली असेल तर मोडली म्हणतं. माझी एकसष्टी होती म्हणून बनवला. एरवी पोराला कवितेचा कान नाही. भुजंगप्रयात म्हटलं की डोळे मिटायचा – तल्लीन होऊन नव्हे, झोपून!

५ जानेवारी

आज अक्षतानं नीट समजावलं. मिलिंदचा प्रोग्रॅम ‘सी’ भाषेतला. ती भाषा आधी पूर्ण भाजून काढायची, पक्क्या विटेसारखी. धावते जोरात, पण मध्येच काही बदलता येत नाही. आणि अक्षताला आवडते ती नवी भाषा, पायथन. (अजगर! नाव कुणी ठेवलं कोण जाणे.) ती ओल्या मातीची. एक ओळ लिहा, लगेच उत्तर. आता या मातीतून त्या विटेला हाक मारायची तर मध्ये कुणीतरी हवा – इकडचा प्रश्न तिकडच्या भाषेत नेणारा, तिकडचं उत्तर इकडं आणणारा. तो मधला तुकडा अक्षता लिहितेय. तोच फॉल्ट करतो.

मी म्हणालो, “म्हणजे शाळातपासणीचा मास्तर!”

तपासणीला साहेब येत. त्यांचा प्रश्न छापील भाषेत, आमची पोरं उसाच्या फडातनं आलेली. साहेब विचारत, “पर्जन्यमापक म्हणजे काय?” पोरं भिंतीकडं बघत. मग मी मध्ये पडे – “आरं, पाऊस मोजायचं भांडं, आपल्या व्हरांड्यात नाही का!” पोरं ओरडत, मी ते छापील करून साहेबांना देई. शिवाय वर्गात ठरलेलं असे : हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. साहेब खूश!

“असा मास्तर मला नकोय,” अक्षता म्हणाली. “माझा मधला खोटं बोलणार नाही.”

६ जानेवारी

अजून फॉल्ट. माझी बायको लक्ष्मी विचारते, “पोरीला कुठं दुखतंय का?”

९ जानेवारी

चाललं! अक्षतानं ओळ दिली, अजगरानं विटेला विचारलं, उत्तर आलं – ‘भुजंगप्रयात’. मी टाळ्या वाजवल्या. शेजारचे डोकावून गेले.

म्हटलं, आता माझं गीत घाल. रोमन अक्षरांत टंकावं लागतं, पण चालायचं. अठ्ठावीस साली जन्मलो नसतो तर हे यंत्र मीच शिकलो असतो... जाऊ दे. गीत इथं लिहून ठेवतो. कऱ्हाडच्या अलीकडं माझी शाळा, तिच्यासाठी सहासष्ट साली केलेलं. तेव्हापासून प्रार्थनेनंतर रोज म्हणतात.

नदीच्या तटी शोभते ज्ञानशाळा
मुलांच्या मुखी गोड ही काव्यमाला
जरी पाखरे दूरदेशास जाती
सदा राहु दे सत्याची ज्योत हाती

पहिली ओळ – शुद्ध. दुसरी – शुद्ध. तिसरी – शुद्ध. चौथी – ‘मोडली. सातवं अक्षर.’

मोडली!

मी हसलो. अक्षता हसली नाही.

१० जानेवारी

मिलिंदचं जुनं मशीन माळ्यावरून काढून घेतलं. घरघर करत सुरू झालं, पुण्याची एसटी घाटात करते तसं. त्यात मूळ प्रोग्रॅम अजून आहे, त्याच्या मेनूसकट (म्हणजे ओळी घेणारा, उत्तर दाखवणारा वरचा भाग). अख्खं गीत घातलं. लगेच उत्तर – ‘शुद्ध. उत्तम रचना.’ नऊ वर्षं हेच म्हणत आलंय. एकसष्टीला पाहुण्यांसमोर म्हणालं तेव्हा पेढे वाटले होते!

तेव्हा सिद्ध झालं. वीट तीच, मूल्यमापन तेच. बिघाड अक्षताच्या मधल्या मास्तरात आहे. तिला सांगितलं. ती म्हणाली, “असेल आप्पा, बघते.” चेहरा एवढासा झाला. सव्वीसला तिचंही प्रोजेक्ट दाखवायचं ठरलंय – माझ्याच हट्टानं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवात.

आणि हे राहिलंच लिहायचं : त्याच दिवशी शाळेच्या दारात माझं गीत दगडात बसणार आहे. कोरून! गावातल्या निवृत्त सुभेदार हंबीररावांनी स्वतःच्या खर्चानं काळा पाषाण आणवलाय. आयुष्यात एक पुस्तक झालं नाही माझं. पण दगड! दगड कुणी रद्दीत घालत नाही.

१३ जानेवारी

शाळेत जाऊन आलो. हरिबा पाथरवट सावलीला बसून पहिली ओळ पुरी करत होता. ‘शोभते’तला भ असा कोरलाय, हात फिरवत राहिलो.

हंबीरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, “गुरुजी, एकदा नीट बघून घ्या बरं का. आवं, दगडावर खोडरबर चालत न्हाई!”

हे वाक्य माझ्याबरोबर एसटीत बसलं आणि माधवनगरला उतरलं.

१५ जानेवारी

चूक सापडली!! अक्षताच्या मधल्या तुकड्यातच होती. मी म्हटलं नव्हतं?

भानगड अशी. ज्या ओळीत काही दोष नाही तिच्याबद्दल वीट सांगते – काही नाही. ते ‘काही नाही’सुद्धा अजगराकडं नेताना त्याची हजेरी मांडावी लागते. अक्षतानं मांडली नव्हती. तिला वाटलं, काहीच नाही तर मोजायचं काय? पण तो अजगर काटेकोर! ज्याची हजेरी नाही त्याला तो बाहेर काढतो. ओळी तपासत गेलो की एक वेळ अशी येई, की ‘काही नाही’ या महाशयांनाच शाळेबाहेर हाकललं जाई आणि मग सगळं कोसळे. तत्त्वज्ञान आहे हे!

दुरुस्त केलं. आता शेकडो ओळी घाला, हूं की चूं नाही.

गीत उद्या घालणार. आज आनंदात जेवलो. लक्ष्मीनं दोनदा वाढलं.

१६ जानेवारी

चौथी – मोडली. सातवं अक्षर.

१७ जानेवारी

बोटांवर मोजायचं धाडस होत नाही. इतकी वर्षं पोरांना बोटांवर मोजायला शिकवलं. आज हात खिशात.

१८ जानेवारी, रविवार

मिलिंदला फोन केला. म्हटलं, तुझ्या विटेत बिघाड आहे की भाचीच्या मास्तरात?

“आप्पा, किती जुनं आहे ते. सोडा ना.”

“सोडा काय? हरिबा तिसऱ्या ओळीवर आलाय! तू अक्षताला नुसतं आतलं इंजिन पाठवलंस. वरचा मेनू का नाही दिलास? ती म्हणते, इथल्या मशीनवर तो भाजलेला आहे, मूळ मजकूर बघितला तर कळेल.”

“मेनू... हरवला तो. फ्लॉपीला बुरशी लागली.” आणि वर, “गीत चांगलं आहे आप्पा. बिनधास्त कोरा.”

बिनधास्त म्हणे! कवितेशी त्याचं पहिल्यापासून वाकडंच. बापाचं गीत दगडावर जातंय आणि याला बुरशी आठवते.

१९ जानेवारी

लक्ष्मी भांडी घासताना गीत म्हणत होती. ती शाळेत माझ्याबरोबर कितीतरी वर्षं राहिली, तिला पाठ. मी दाराआड उभा.

तिसरी ओळ संथ गेली. चौथीत ‘राहु दे’पर्यंत संथ – आणि मग ‘सत्याची’ला बाई एकदम पळाली!

“तिथं पळालीस का?”

“कुठं?”

“सत्याच्या इथं.”

“तिथं पळावंच लागतं आवं. सगळी पोरं पळायची. थांबलं की ढोलकी चुकते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासनं. मला वाटलं, चालच तशी बसवलीय तुमी.”

जेवलो नाही. पोट बरं नाही असं सांगितलं.

२० जानेवारी

हरिबाला निरोप पाठवला, चौथी ओळ हळू घे. हंबीररावांचा फोन आला – “हळू म्हंजी? दगूड पळून चाललाय व्हय गुरुजी?”

त्यांना काय सांगू? रोज प्रार्थनेला तीस-बत्तीस वर्षं गावानं मोडकी ओळ म्हटली, तेही पळत पळत! आणि सांगावं तरी कसं, की अजून आशा आहे? जुनं मशीन ‘शुद्ध’ म्हणतं. ते खरं की अक्षताचं खरं, एवढंच ठरायचंय. कोर्टात दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलले की संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

२१ जानेवारी

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

अक्षता म्हणाली, “आप्पा, माझा कोड मी इतक्यांदा तपासलाय, आता मला त्याची स्वप्नं पडतात. एकदा जुन्यालाच तपासू. फक्त चौथी ओळ घालू, एकटी.”

घातली. मशीननं घरघर केली. ‘मोडली. सातवं अक्षर.’

मग अख्खं गीत घातलं. ‘शुद्ध. उत्तम रचना.’

तेच मशीन, तीच ओळ!

अक्षता पुटपुटली, “म्हणजे इंजिनाला कळतंय. वरचा मेनू त्याला विचारतच नाही.” मग तिनं मला म्हटलं, पहिली ओळ तीच ठेवा, खाली काहीही लिहा. काहीही म्हणजे? काहीही. लक्ष्मी बाजारातनं काय आणायचं ते मागून सांगतच होती. तेच टंकलं :

नदीच्या तटी शोभते ज्ञानशाळा
किलोभर वांगी, पावशेर लसूण
रॉकेल मिळालं तर बघा

घरघर. घरघर.

‘शुद्ध. उत्तम रचना.’

अक्षता तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मग थांबली. माझ्याकडं बघितलं नाही.

मिलिंदचा मेनू म्हणजे मधला मास्तर! साहेबांसमोर पोराला पाठीशी घालणारा. पहिली ओळ ओळखीची दिसली की आत विचारायचंच नाही, थेट उजवा हात वर! अक्षताच्या मास्तरानं त्याला वळसा घातला, थेट आत जाऊन विचारलं, आणि आतून खरं आलं. ओळही कुठली, तर सत्याची.

रॉकेल मात्र मिळालं नाही.

२२ जानेवारी

मोजली. बोटांवर. लघु हवा तिथं गुरू बसलाय, ढिम्म.

हरिबाचा निरोप : ‘सदा राहु दे सत्य’ इथवर झालं, आज छिन्नी बोथट झाली, उद्या धार लावून पुढं. छिन्नीचं भलं होवो! म्हटलं, मी सांगेपर्यंत थांब. हंबीररावांचा आवाज मागून आला – “आता आनि काय?”

२३ जानेवारी

मिलिंदला फोन. वांग्यांपासून सगळं सांगितलं.

“आप्पा, तुम्ही एकसष्टीला नवा सदरा घालून खुर्चीत बसला होता. पेढे आणले होते. सकाळी मी एकदा चालवून पाहिलं तर ते म्हणालं, मोडली. पाहुणे यायला लागले होते. काय करू?”

म्हटलं, “नीट कशी झाली असती रे ती ओळ?” वाटलं, म्हणेल मला काय कळतंय त्यातलं.

तो न थांबता म्हणाला, “सदा राहु दे सत्य तेजाळ हाती.”

“आत्ता केलीस?”

“नाही. तेव्हाच.”

२४ जानेवारी

हरिबाला चौथी ओळ कळवली. खाली नावं दोन कोरायला सांगितली – माझं आणि मिलिंदचं. लक्ष्मीला म्हणून बघायला लावली. कुठंही पळाली नाही.