सात आवाज, एकच त्रिकोण

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, त्यापेक्षा पत्र बरं. निदान तुला मधेच तोडता येत नाही.

शुश्रूषागृहाच्या बाई वीस तारखेला बाबांना बघायला येणार, आणि त्यांना योग्य वाटलं तर पुढच्या महिन्यापासून बाबांना तिथे खोली, हे वाचलं. तुझं म्हणणं, बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही आणि मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवत बसले की दिवसभर त्यांना बघायला कोणी नाही. दुसरा मुद्दा खोडायला जागा नाही. पहिल्यावरही माझा विश्वास बसत चालला होता. तू इथे चार दिवस राहून गेलास, तेव्हापासून त्यांनी पाण्यासाठी कुत्रं भुंकवलं, गोळ्यांच्या वेळी टाळ्या वाजवल्या आणि बाथरूमला जायचं होतं तेव्हा दाराची घंटा वाजवली. मी दार उघडून जिन्यात बघत उभी राहिले. पुढचं तुला सांगायला नको.

काल मात्र मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांचा कॉम्प्युटर बघितला आणि चाटच पडले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं गेलं, अक्षरओळख गेली, तेव्हा आपण काय केलं होतं आठव. जन्मभर नाटकांना पडद्यामागून आवाज पुरवणारा माणूस, म्हणून त्यांच्याच साठ्यातले सात आवाज आपण निवडले. पाणी, चहा, गोळ्या, बाथरूम, दार, ‘आवडलं’ला टाळ्या आणि ‘पुरे करा आता’ला कुत्रं. फाइलीच्या नावामागे जी तीन-चार अक्षरांची शेपटी असते, ती मी सातही आवाजांना वेगवेगळी दिली होती, कारण जुना प्लेअर प्रत्येक शेपटीला वेगळ्या रंगाचं चित्र द्यायचा. पाणी निळं, गोळ्या लाल, कुत्रं काळं. बाबा नाव वाचत नव्हते, रंग बघून दाबत होते.

आता तिथे सात नारिंगी त्रिकोण आहेत. सातही एकसारखे. जुना प्लेअर गायब आणि कुठलातरी नवा चकाचक येऊन बसलाय. ही कर्तबगारी कोणाची, ते मी विचारत नाही. उपाय तेवढा कळव. वीस तारखेला त्या बाईंसमोर बाबा असेच भुंकले तर त्यांचं घर सुटेल, आणि तेही एका चित्रापायी.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे, रागावलास तरी.

तुझी
धाकटी


८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

हो, मीच. जुना प्लेअर मधेच अडकायचा, बाबा तीन-तीनदा दाबत बसायचे. नवा टाकला. शेवटी त्याने विचारलं, सगळ्या आवाजाच्या आणि चित्रपटांच्या फाइली यापुढे माझ्यातच उघडू का? मी हो म्हटलं. तिथे नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लिफ्ट तपासताना मी एकेक बोल्ट हलवून बघतो, आणि घरच्या कॉम्प्युटरवर न वाचता बटण दाबतो. माझ्या खात्याला कळवू नकोस.

उपाय असा. नवा काढून टाक, जुना पुन्हा घाल. मग जुन्याच्या सेटिंगमध्ये फाइलींच्या प्रकारांचं पान आहे. तिथे प्रत्येक शेपटीसमोर चौकट असते. सातही चौकटींवर खूण कर आणि खाली ‘प्रत्येक प्रकाराला वेगळं चित्र’ असं असेल, तेही निवड. घाईत ‘सर्व निवडा’ दाबू नकोस, त्याचा अनुभव घराण्यात ताजा आहे.

पण एक स्पष्ट लिहितो. चित्रं परत आल्याने बाबा परत येतीलच असं मी धरून चाललेलो नाही. चार दिवस मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांची नजर मला बरी वाटली नाही. तू आशा लावून बसशील आणि मग सगळं निस्तरायला मीच लागेन. बाईंची भेट मी रद्द करत नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.

दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. सातही आवाज जुन्या प्लेअरमध्ये उघडू लागले, पण चित्रं नारिंगीच! दोन दिवस मी त्या त्रिकोणांकडे बघून दात-ओठ खाल्ले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या फोटोवाल्या ताईंना वर बोलावलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर एकदा बघितलेली चित्रं साठवून ठेवतो आणि प्लेअर बदलला तरी जुनंच चित्र दाखवत राहतो. त्यांनी तो साठा पुसला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि सातही रंग जागच्या जागी आले.

मी बाबांना काही सांगितलं नाही. खुर्ची पुढे ढकलली आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ काहीच नाही. मला रडू यायला लागलं होतं, खरं सांगते. मग नळाचा आवाज आला. मी पाणी नेलं, ते प्यायले. थोड्या वेळाने चहा वाजला. चहात साखर कमी पडली होती, त्याची सबब सांगत बसले तर कुत्रं भुंकलं. दादा, गेल्या दोन दिवसांत एकही चूक नाही. डोकं ठिकाणावर आहे, आणि नेहमीइतकंच तिरसट आहे.

आता अडचण ऐक. आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय, त्याच्या प्रशिक्षणाला मला अठरा तारखेला जावं लागणार, आठवडाभर. नाही म्हटलं तर ते काम दुसऱ्या कोणाला जाईल. म्हणजे वीस तारखेला बाईंसमोर तू बसायचंस. मला हे मुळीच आवडलेलं नाही, पण दुसरं कोण आहे? बाबांना पाठवू नये असं माझं मत आहे, ते तुला पाठ झालं असेल. तरी डोळ्यांनी बघ आणि मग काय ते ठरव.

फोटोवाल्या ताई दुपारी डोकावून जायला तयार आहेत, रोज. तेही हिशेबात धर. माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी


२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

बाबांच्या टेबलावरून लिहितोय. ते शेजारी बसून माझ्या अक्षराकडे नापसंतीने बघतायत. वाचता येत नाही, पण अक्षर वाईट आहे हे त्यांना अजून कळतं.

काल बाई आल्या. शांत, पन्नाशीच्या, पायातल्या चपला नीट जोडून ठेवणाऱ्या. त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि माझ्यासमोर बसल्या. झोप कशी लागते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी लागते. जेवण? मी म्हटलं, थोडंच पण वेळेवर. चिडचिड होते का? मी म्हटलं, होते कधीकधी. तेवढ्यात कुत्रं भुंकलं. मी बाईंना म्हटलं, कधीकधी चुकीचं दाबलं जातं त्यांच्याकडून. कुत्रं पुन्हा भुंकलं. बाबा बाईंकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

बाईंनी आपली खुर्ची माझ्यासमोरून उचलून बाबांच्या समोर नेली. त्यांना विचारलं की आमच्याकडे राहायला यावंसं वाटतं का तुम्हाला. मी स्क्रीनकडे बघितलं. पाणी, चहा, गोळ्या. या प्रश्नाला लागेल असं तिथे काही नव्हतं. बाबांनी माउसला हातही लावला नाही. त्यांनी मान हलवली. नाही. दोनदा, सावकाश, मला नीट दिसेल अशी.

धाकटे, मान त्यांना पहिल्या दिवसापासून हलवता येत होती. या घरात तू त्यांच्या बाजूने भांडलीस, मी विरुद्ध भांडलो. फोनवर भांडलो, पत्रांतून भांडलो, त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे उभं राहूनही भांडलो. विचारलं एका परक्या बाईने. मला फार लाज वाटली. ती जायची नाही इतक्यात.

खोली नको म्हणून कळवलंय. दुपारच्या वेळेसाठी एक मदतनीस शुश्रूषागृहाच्या बाईंनीच सुचवल्या, त्या सोमवारपासून येतील. फोटोवाल्या ताईंना मी भेटलो.

मान दिसायला समोर कोणीतरी बघत असावं लागतं, म्हणून ‘नाही’साठी आठवा आवाज करायचा ठरवलाय. त्याची शेपटी मी शोधून ठेवली आहे, चौकटीवर खूणही केली, आणि या वेळी वाचून केली. आवाज बाबांनीच निवडायचा. त्यांच्या साठ्यातले एकेक ऐकवतोय. काच फुटते, बंदूक सुटते, दार आपटतं, वीज पडते. प्रत्येक आवाज ते डोळे मिटून पूर्ण ऐकतात आणि मग मान हलवून नाही म्हणतात. सकाळपासून हेच चाललंय. मी रजा वाढवून घेतली आहे.

तू प्रशिक्षण पुरं करूनच ये. आमच्या दोघांचाही आशीर्वाद.

दादा