नऊ गुण

सोमवार, ८ डिसेंबर

जुळलं! इथल्या मराठी मंडळाच्या वधूवर प्रोग्रामनं अखिलाची आणि माझी पत्रिका ‘जुळते’ म्हटलं. प्रोग्राम लिहिला मी, तपासला तिनं. पावसाळाभर एका टेबलाशी बसून.

तिचे वडील, बाळकृष्णराव, पत्रिका घेऊन ज्योतिषी जोशांकडे जाणार नाहीत. “माणूस चुकतो, श्रीहर्ष. मशीन चुकत नाही.”

रविवारी साखरपुडा.

बुधवार, १०

शेजारच्या वत्सलामामी आल्या. चिडलेल्या.

“आमचा शहाजी तुझ्या प्रोग्रामात नापास कां रे? जोशी सतरा गुण सांगतात!”

छत्तीसपैकी अठरा लागतात, मामी.

“एका गुणासाठी? अय्यो! तुझे किती ते बघ की आधी!”

त्या गेल्यावर बघितले.

नऊ.

गुरुवार, ११

कारण सापडलं. XML स्कीमात गुणांचा प्रकार string आहे. integer, म्हणजे पूर्णांक, हवा. म्हणजे तुलना आकड्यांची नव्हे, अक्षरांची. अठरातला पहिला एक. नऊ एकाहून मोठा. झालं! पुढचा आठ कुणी बघतच नाही.

string? मी? इतका गाढव कधी झालो?

शुक्रवार, १२

प्रोग्रामच्या घरच्या प्रतीत तुलनेआधी cast केलं, म्हणजे गुणांचा प्रकार बदलून पाहिला. integer — ‘जुळत नाही’. decimal — ‘जुळत नाही’. नऊ कुठल्याही प्रकारात नऊच.

अठराची अट नऊवर आणावी? लाज वाटली. थोडीशी.

संध्याकाळी अखिलाकडे गेलो, सांगून टाकायला. तिच्या आईनं, शेषम्मांनी, पाटच मांडला. “या मापिळ्ळै!” साखरपुड्याआधीच जावई! डांगर पचडी वाढली. खाल्ली. पुन्हा वाढली. खाल्ली.

सांगितलं नाही.

शनिवार, १३

पुन्हा गेलो. अखिला फाटकातच उभी.

“अप्पांना काय सांगायचंय?”

सगळं सांगितलं. नऊ. string. मी गाढव.

ती हसली नाही. चकितही झाली नाही. “ते मोडतील.”

“माहीत आहे.”

“तरी सांगणार?”

“त्यांनी मशीनवर विश्वास ठेवला.”

“मशीनवर नव्हे. तुझ्यावर.” मग फाटक लावून घेतलं. बाहेरून! “आज अप्पा तिरुवैयारला गेलेत. उद्या सांग. अंगठीनंतर.”

रविवार, १४

अंगठी घालताना ती कानाशी कुजबुजली, “तू गाढव नव्हेस. तू integerच लिहिला होतास. मी बदलला.”