खोकताना धरलेला हात

३ सप्टेंबर, सोमवार

आज कामावर रुजू झाले. गाव नवं, खोली नवी, काम नवं, आणि तिन्ही मला आवडली. हे आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी त्यातही खोट काढीन.

हॉस्पिटल लहान आहे. खाली तपासणीची आणि ऑपरेशनची खोली, वर आठ खाटा. इथे फक्त हर्नियाची ऑपरेशनं होतात. डॉक्टरांनी मला सगळं पाच मिनिटांत समजावलं. टेबलावरचा रुमाल उचलला, त्याखाली मूठ धरली आणि म्हणाले, हा रुमाल म्हणजे पोटाची भिंत. एखाद्या जागी ती विरते आणि आतलं आतडं असं वर येतं. ते आत ढकलायचं, वर जाळी लावायची, शिवून टाकायचं.

माझं काम घरी गेलेल्या पेशंटना फोन करण्याचं. चौदा प्रश्नांचा छापील कागद आहे. पहिला आठवडाभर रोज फोन, मग आठवड्यातून एकदा, तीन महिन्यांपर्यंत. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहायची. त्यातून डॉक्टरांना नव्या पेशंटसाठी एक पुस्तिका करायची आहे.

राहायला हॉस्पिटलच्या मागची खोली दिली आहे. एक खिडकी, एक टेबल, दोन कॉट. संध्याकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, तपासनीस, लहानपणी तुझ्या प्रश्नांनी मी एकटा वैतागायचो, आता सगळं गाव वैतागू दे. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबा आणि आत्या हीच माझी शाळा, आणि तपासनीस हे नाव तेव्हापासूनचं.

बाबांच्या डाव्या जांघेत दोन वर्षं तसाच फुगवटा आहे. खरं सांगायचं तर ही नोकरी मी त्यासाठीच धरली. डॉक्टरांनी त्यांना १५ ऑक्टोबरची तारीख दिली आहे. बाबा हो म्हणाले, हे पहिलंच.

७ सप्टेंबर, शुक्रवार

माणसं एवढं बोलतील असं वाटलं नव्हतं. एक बसचालक आहेत. त्यांच्या पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. शुद्धीत होते, पण पाय कळत नव्हते. शेजारी कोणीतरी पसरलंय असं वाटून त्यांनी त्याला जरा सरक म्हणून सांगितलं. तो त्यांचाच पाय होता. हे सांगताना ते हसले आणि लगेच टाके ओढले म्हणून विव्हळले.

एक स्वयंपाकीण बाई आहेत, बेंबीजवळचा हर्निया. हसू नका, शिंकू नका, खोकताना पोटाशी उशी दाबून धरा, असं त्यांना सांगितलं आहे. त्यांनी नवऱ्याला महिनाभर विनोद करायला बंदी घातली. नवरा म्हणाला, वीस वर्षांत तू एकदाही हसली नाहीस, आता काय धोका आहे.

सगळं शब्दशः लिहिलं. दोन ठिकाणी शब्द नीट ऐकू आला नव्हता, म्हणून परत फोन करून विचारला.

११ सप्टेंबर, मंगळवार

खिळे-बिजागऱ्यांचं दुकान असलेले एक आजोबा आहेत. दहावा प्रश्न असा, की हॉस्पिटलमध्ये कोणाची मदत झाली. ते म्हणाले, त्या सिस्टरची. खोकला आला की ती जखमेवर तळवा धरायची. हलका, गार हात. उशीला त्याची सर नाही. त्यांचे डोळे मिटलेले असायचे, म्हणून तोंड पाहिलं नाही. तिला आभार कळवा म्हणाले.

मोठ्या सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, बाई गं, आठ खाटा आणि आम्ही दोघी, उशी हातात देऊन पुढे पळतो, तळवा धरायला इथे रिकामं कोण आहे. आजोबांना म्हणावं, इंजेक्शनमधलं स्वप्न असेल.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आजोबांना सिस्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही तिला घरी पण पाठवता का. आज सकाळी खुर्चीत चहा पिताना खोकला आला, तेव्हा हात होता.

ते घाबरलेले नव्हते. मी थोडी घाबरले. घाबरले की मी प्रश्न तयार करते, मला तेवढंच येतं. मूळ कागदावर चौदाच्या खाली पेनाने लिहिलं: १५. खोकताना जखमेवर कोणाचा हात जाणवला का? ऑफिसातल्या बाईंनी त्याच्या शंभर प्रती काढून दिल्या.

२० सप्टेंबर, गुरुवार

आज सात जणांना पंधरावा प्रश्न विचारला. सातही जण नाही म्हणाले. स्वयंपाकीण बाई म्हणाल्या, हात कोणाचा जाणवणार, आमचे हे स्वतःचा कपसुद्धा उचलत नाहीत. मला फार हलकं वाटलं.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सातांपैकी पाच जण आज हो म्हणाले.

पाचही जण एकमेकांना ओळखत नाहीत. मी पत्ते पाहिले. काल संध्याकाळपासून, असं पाचही जणांनी सांगितलं. स्वयंपाकीण बाई म्हणाल्या, तुम्ही फोन ठेवलात आणि मला ठसका लागला, तेव्हा पहिल्यांदा. छान आधार वाटतो म्हणाल्या.

२६ सप्टेंबर, बुधवार

आता सातही जण.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. मापं घेण्याची सवय, त्यामुळे त्यांनी नीट सांगितलं. हात लहान आहे, बाईचा असावा. अंगठा बेंबीच्या बाजूला, बोटं खाली. म्हणजे धरणारी व्यक्ती त्यांच्या उजवीकडे बसत असणार. म्हणून त्यांनी कॉट सरकवून उजवी बाजू भिंतीला टेकवली. हात तरीही उजवीकडूनच येतो.

त्या म्हणाल्या, आधी खोकला संपला की उचलला जायचा. आता जरा उशिरा उचलला जातो.

१ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांना सगळे कागद दाखवले. त्यांनी ते वाचले, टाळले नाहीत. म्हणाले, जाळी रुजताना आजूबाजूच्या नसा तक्रार करतात. बधिरपणा, जडपणा, गारवा, दाब, काहीही वाटतं. तुम्ही हात असा शब्द दिलात, म्हणून त्यांना हात वाटतो.

हे पटण्यासारखं आहे. त्यांनी सांगितलं तेव्हा मला पटलंही.

पण आजोबांना मी तो शब्द दिला नव्हता. आणि तिघांना मी पंधरावा प्रश्न विचारलेलाच नाही, कारण त्यांच्या प्रतींवर तेवढी ओळ उमटलीच नव्हती. त्या तिघांना काहीही होत नाही. नीट भरून येतंय, चालतात, जेवतात.

खात्री करून घ्यावी म्हणून मी त्या तिघांपैकी एकाला आज विचारलं. नृत्यशिक्षक आहेत, तरुण आहेत. ते नाही म्हणाले.

२ ऑक्टोबर, मंगळवार

ते आज हो म्हणाले.

मी हे करायला नको होतं. मला जे कळायला हवं होतं ते कळलं, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. हे मी इथे स्पष्ट लिहिते आहे.

४ ऑक्टोबर, गुरुवार

बसचालकांचा स्वतःहून फोन आला. हसणं नाही, काही नाही. म्हणाले, आता खोकला येतच नाही, तरी हात येतो. येतो आणि दाबतो. डॉक्टर तपासताना जसं बोटं ठेवून खोका म्हणतात ना, तसं. खोकल्याशिवाय सोडत नाही. खोकलं की थोडा वेळ उचलला जातो, मग पुन्हा. कालपासून ते सारखे खोकताहेत. टाके ओढताहेत हे त्यांना कळतंय. त्यांनी मला विचारलं, ताई, तिला थांबवायचं कसं, हा प्रश्न तुमच्या कागदावर आहे का.

९ ऑक्टोबर, मंगळवार

बसचालकांना परत आणलं. शिवलेलं फाटलं होतं. सकाळी पुन्हा ऑपरेशन झालं. मोठ्या सिस्टर आत होत्या. बाहेर आल्यावर हात धूत राहिल्या, बराच वेळ. म्हणाल्या, जाळी जागेवरच होती, पण चुरगळलेली. मुठीत धरून चुरगळल्यासारखी. मग म्हणाल्या, तू हे लिहू नकोस.

मी लिहिलं.

आजोबांच्या घरी फोन केला. सून बोलली. पुन्हा दोनदा ऑपरेशन करावं लागलं, दुसरीकडे नेलं होतं. छाती साफ असल्याचं डॉक्टर सांगत होते, पण ते खोकतच होते. आता फोन करायची गरज नाही, म्हणाली. मला वाटलं रागावली. मग कळलं, रागावली नव्हती.

बाबांना फोन करून म्हटलं, तारीख पुढे ढकलू. ते म्हणाले, दोन वर्षं तूच मागे लागली होतीस. आणि आता ढकलता येणार नाही. फुगवटा दोन दिवस आत जातच नाही, दुखतोय. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, उलट उद्याच आणा.

ऑपरेशन करावंच लागेल. प्रश्न विचारायचा नाही. एवढंच माझ्या हातात आहे. बाबांना पंधरावा प्रश्न कोणीही विचारता कामा नये.

१० ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आहेत त्या प्रती संपव, मग नवीन. एकेचाळीस उरल्या आहेत. दुपारभर बसून एकेचाळीस कागदांवरचा पंधरावा प्रश्न खोडला. आता कोणालाच विचारणार नाही.

बाबांना आणलं. आज तपासण्या, ऑपरेशन उद्या.

११ ऑक्टोबर, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. पाऊण तास लागला. मी शेजारीच बसले होते. पाठीतल्या इंजेक्शनमुळे पाय हलेनात, तर म्हणाले, तपासनीस, मोजून बघ, दोनच आहेत ना. संध्याकाळी दोनदा खोकले. उशी मी धरली. मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. खोलीत दुसरं कोणी आलं नाही, मी दाराकडेच बघत होते.

१३ ऑक्टोबर, शनिवार

बाबा माझ्या खोलीत आले. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपरावर भार देत उठायचं, हे त्यांनी माझ्याआधी शिकून घेतलं. पाठ चोळून दिली. झोपले आहेत. रंग चांगला आहे.

रविवार, सकाळ

घरी सोडताना मोठ्या सिस्टरांनी बाबांच्या कागदांत प्रश्नांचाही एक कागद ठेवला होता. सगळ्यांनाच देतात. माझ्या लक्षात आलं नाही.

बाबांनी तो स्वतःच भरला. काल, मी औषध आणायला गेले तेव्हा. सुरेख अक्षरात, चौदा उत्तरं.

आणि पंधरावं.

मी म्हटलं, तो खोडला होता. ते म्हणाले, खोडला होतास, पण वाचता येत होता. तुला तसंच शिकवलंय.

शिकवलंय. चुकलेलं कधी रबराने पुसायचं नाही, गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ, खालचं अक्षर दिसलं पाहिजे, म्हणजे काय चुकलं ते लपत नाही. मी एकेचाळीस कागदांवर एकेचाळीस सरळ रेघा मारल्या. पट्टी लावून.

उत्तर लिहिलंय: नाही.

रविवार, दुपार

ठसका लागला. उशी दिली, वरून मी दोन्ही हातांनी दाबली. बाबा म्हणाले, बरं वाटलं.

मी हात काढले. ते म्हणाले, राहू दे, चांगला गार आहे.

सोमवार

त्यांना सांगितलं नाही. सांगणं म्हणजे पुन्हा विचारणंच. बाबा म्हणतात, सारखी काय जवळ बसतेस, जा, काम कर.

मी जवळ बसले नव्हते. मी खिडकीशी होते.

मंगळवार

डॉक्टर येऊन गेले. जखम कोरडी, सूज नाही, ताप नाही. म्हणाले, उत्तम. खोका बघू म्हणाले. मी नको म्हणाले, मोठ्याने. दोघंही माझ्याकडे बघत राहिले —

बाबा खोकले. डॉक्टर हात उचलून पेटी बंद करून गेले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, यांचा उचलला, तुझा राहिलाय.

बुधवार, सकाळ

कॉट मधोमध आणली. कुठल्याच भिंतीला लागून नाही. उपयोग —

काल चौदा वेळा खोकले. आज नऊ वाजेपर्यंत तीस. दमा नाही, छाती साफ. मोठ्या सिस्टर उशी घेऊन आल्या, दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत.

बुधवार

मी त्यांचे हात धरले. दोन्ही. माझे दोन्ही, त्यांचे दोन्ही, चारही हात समोर, म्हणजे बाबांना दिसावं — त्यांनी बघितलं. मोजले. मग म्हणाले, तू लिही. वहीत लिही, तुझं मन थाऱ्यावर येतं.

म्हणून लिहिते. टेबलाशी आहे. मधे चार पावलं. ऊन आहे, खिडकी उघडी आहे, सगळं स्वच्छ दिसतंय. त्यांच्या पांघरुणावर काही नाही. जखमेच्या जागी पांघरूण खाली दबलंय — तळव्याएवढं.

म्हणतात, दाबू नकोस गं.

म्हणतात, बरं, खोकतो, पण मग काढशील ना.

बाबा, मी इथे आहे. सांगितलं. ते डोळे मिटून आहेत. श्वास घेतलाय, मोठा, खोकायला — पांघरूण आणखी खाली ग